प्रतिसाद: आर्किटेक्ट नको, थेट कॉन्ट्रॅक्टरच?

"आर्किटेक्टची फी वाचवा, सगळं कॉन्ट्रॅक्टरवर सोपवा" हा घर बांधणाऱ्यांना दिलेला वरचा सल्ला सांगलीसाठी तरी मला अजिबात पटत नाही. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया किती खोल न्यायचा हे खड्डा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायला हवं. पण शेजारच्या प्लॉटवर मुरूम, म्हणजे मातीखालचा कठीण थर, किती फुटांवर लागला, हे स्थानिक कॉन्ट्रॅक्टरलाच ठाऊक असतं. म्हणून नकाशा पक्का व्हायच्या आधीच आर्किटेक्ट, इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर सगळ्यांना प्लॉटवर एकत्र उभं करा. जोत्याची, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची, उंचीही पुराचा विचार करून तिथेच ठरवा. 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं होतं.

खरी खडाजंगी होते स्लॅबच्या आदल्या दिवशी. सळ्या बांधून झाल्या, मिक्सर सांगून ठेवला, आणि तेव्हा कळतं की पंख्याचे बॉक्स नि वायरिंगचे पाइप नकाशाप्रमाणे नाहीतच. मग पुढे पाइप बसवायला बीमला छिन्नी लागते, ती मला बघवत नाही. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक (सळ्या फळ्यांपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत का, तेही तेव्हाच पाहायचं. तपासणी होऊन साइटवरच्या वहीत सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हे कॉन्ट्रॅक्टरच्या करारातच घाला. आणि मधेच काही बदल सुचला, तर परस्पर मिस्त्रीला सांगू नका, आधी आर्किटेक्टला फोन करा.