झानार्दीच्या आठवणी (नाशिककरांचा अनुभव धागा)

कॉलेज रोड, धागाकर्ता

परवा मुलाने विचारलं, "बाबा, तुमचा आवडता रेसर कोण? सेना की शूमाकर?" मी म्हटलं, अ‍ॅलेक्स झानार्दी. त्याने नावच ऐकलं नव्हतं! आपल्या कट्ट्यावर या इटालियन माणसाचे निदान पाच-सहा वेडे आहेत आणि प्रत्येकाचं कारण निराळं. म्हणून हा धागा. भाषण नको, आठवण लिहा.

माझी आधी. सप्टेंबर 1996, अमेरिकेतला लगुना सेका ट्रॅक, शेवटची फेरी. पुढे ब्रायन हर्टा. तिथलं कॉर्कस्क्रू हे वळण म्हणजे आधी डावीकडे, लगेच उजवीकडे, आणि त्याच वेळी रस्ता पायाखालून खाली जातो. तिथे ओव्हरटेक करायचा विचारही कोणी करत नाही. हा गडी आतून घुसला, रस्ता सोडून मातीत गेला, धुरळा उडवत वर आला आणि जिंकला. मी हे बऱ्याच वर्षांनी सायबर कॅफेत पाहिलं, दर चार सेकंदांनी अडकणाऱ्या व्हिडिओत. व्हिडिओ पाहिला त्याच रविवारी कसारा घाटात ट्रकमागे अडकलो होतो. शेजारी वडील. झानार्दी डोक्यात नाचत होता, पण वडिलांनी नुसतं "हं" केलं आणि मी इगतपुरीपर्यंत त्या ट्रकचा 'हॉर्न ओके प्लीज' पाठ केला.

जिंकल्यावर तो गाडी जागच्या जागी गरागरा फिरवायचा. टायरच्या त्या काळ्या वर्तुळांना आमच्यात चकल्या म्हणत. 1997 आणि 1998, लागोपाठ दोन वर्षं कार्टचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या रेसिंग मालिकेचा विजेता. चकल्या भरपूर पाडल्या.

अंबड, फिटर

मी टायपिंगला कच्चा आहे, सांभाळून घ्या.

माझं काम स्कूटरला बाजूची दोन चाकं लावून द्यायचं, कधी कधी कारला हाताचा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बसवायचं. झानार्दी मला गिऱ्हाइकामुळे कळला. पोलिओ झालेला मुलगा होता. मोबाइलवर व्हिडिओ दाखवून म्हणाला, मामा, हे असं पाहिजे.

15 सप्टेंबर 2001, जर्मनीतला लाउझित्झरिंग ट्रॅक. रेसमध्ये झानार्दी पुढे होता. शेवटचा पिट (टायर-इंधनाचा थांबा) करून बाहेर पडताना गाडी फिरली आणि ट्रॅकवर आडवी गेली. मागून येणाऱ्याचा वेग ताशी 300 किमीच्या वर. दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले. मला मात्र पुढचं बघायचं होतं: हा परत गाडी चालवतो कशी?

बीएमडब्ल्यूच्या टूरिंग कारमध्ये त्याने अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंगवर घेतला, बोटांनी दाबायचा. ब्रेक मात्र कृत्रिम पायानेच. आता विचार करा. गुडघा नाही, घोटा नाही, तळव्याला पेडल लागतंय का तेही कळत नाही. सगळा जोर मांडीतून आणि कमरेतून. रेसच्या गाडीचा ब्रेक आपल्या गाडीसारखा मऊ नसतो, लाथ मारावी लागते. अशा गाडीवर त्याने 2005 मध्ये ओशर्सलेबनला रेस जिंकली. जागतिक दर्जाची, सगळे धडधाकट ड्रायव्हर सोबत. 2019 ला डेटोनाच्या 24 तासांच्या रेसला तर कृत्रिम पाय काढूनच बसला, ब्रेकचा दांडा हाताशी घेतला. ड्रायव्हर बदलताना त्याचं स्टिअरिंग काढून दुसरं लावायचे.

त्या मुलाच्या अल्टोला मी पाइप वाकवून दांडा केला. पहिल्यांदा क्लॅम्प घसरला, मग खाली रबर टाकलं. आरटीओची नोंद आधी करून घ्या, हे सगळ्यांना सांगतो. मुलगा आता सप्तशृंगीला आईला घेऊन जातो.

पंचवटी

माझा एकच पाय गेलाय, 2009 ला. जयपूर फूट बसवायला गेलो तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मग कळलं की झानार्दी गमतीने सांगायचा, नवे पाय करताना उंची थोडी वाढवून घेतली. मीपण विचारलं, साहेब, दोन इंच? ते म्हणाले, दुसरा पाय कुठून आणू? त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

गंगापूर रोड, सायकलवाला

आपल्या नाशिकला 2015 पासून सायकलचं खूळ जास्तच आहे. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून पहाटे पाचला त्र्यंबक रस्त्यावर जत्रा असते. माझं खूळ त्याआधीचं, 2012 चं. लंडन पॅरालिम्पिक, झानार्दी हाताने चालवायच्या सायकलवर, आणि शर्यत ब्रँड्स हॅचला, म्हणजे मोटार रेसिंगच्याच ट्रॅकवर. दोन सुवर्ण, एक रौप्य. वय 45. जिंकल्यावर जमिनीवर बसून त्याने सायकल एका हाताने डोक्यावर उचलली. तो फोटो माझ्या दुकानात अजून आहे, कोपरे पिवळे पडलेत. रिओला 2016 मध्ये आणखी दोन सुवर्ण. पहिलं मिळालं तेव्हा अपघाताला 15 वर्षं व्हायला एक दिवस कमी होता.

इंदिरानगर

मला जरा वेगळं म्हणायचंय. 'प्रेरणादायी' हा शब्द मला सहन होत नाही. गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत त्याचा फोटो आला की मी ग्रुप म्यूट करते. मला तो आवडतो ते 1999 मुळे. दोनदा कार्ट जिंकून विल्यम्स टीमकडे एफ-वनला गेला आणि अख्ख्या सीझनमध्ये एक गुण नाही. शून्य! तेव्हा त्याला दोन्ही पाय होते. जमलं नाही म्हणजे नाही. परत कार्टला आला.

आणि 2003. अपघात झाला तेव्हा 13 फेऱ्या उरल्या होत्या. हा त्याच लाउझित्झरिंगला गेला, हाताच्या कंट्रोलच्या गाडीत बसला आणि त्या 13 फेऱ्या पूर्ण करून आला. हिशोब अर्धवट ठेवायचा नाही. आमच्या आजीची दुधाची वही अशीच असायची.

नाशिक रोड

जून 2020. लॉकडाऊन, घरात बसलेले सगळे. इटलीत हँडसायकलवर असताना ट्रकची धडक झाल्याची बातमी आली. मी आईला सांगितलं, तिला रेसिंगमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, "पुन्हा त्यालाच?" आणि देवापाशी दिवा लावला.

सिडको

अंबडच्या दादांना विचारायचं होतं. सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, डावी बाजू. स्कूटर होईल का?

अंबड, फिटर

होईल ताई. गिअर नसलेली घ्या आणि त्यांना सोबत आणा, बसवून माप घ्यावं लागतं. रविवारी या, पण दहाच्या आत. नंतर मी मिसळीला जातो.