कोकोस अटॉलवर थांबा: नांगर, पाणी, मसाला... सल्ला हवा

पंचगंगा_घाट: नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे चौघे. ३८ फुटी शिडाची बोट, सुंदा सामुद्रधुनीतून कोकोस (कीलिंग), म्हणजे हिंदी महासागरातलं प्रवाळाचं कंकणाकृती बेट (अटॉल), पुढे मॉरिशसचं रॉड्रिग्ज बेट. ऑगस्टात निघायचा बेत आहे. बोट पाण्याखाली १.८ मीटर, साखळी १० मिमीची ५० मीटर, टाकी ३०० लिटर, वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र) नाही. प्रवाळात नांगर टाकायचा सराव शून्य, रंकाळ्यात ती सोय नाही. काय बदलू?

साखळीतला_दुवा: ऑगस्ट उत्तम, आग्नेय व्यापारी वारे स्थिर असतात. डायरेक्शन बेटामागे नांगरायचं, यॉटना तीच जागा दिलीय. हॉर्सबर्ग आणि डायरेक्शन बेटांमधलं तोंड रुंद आहे, भीती शेवटच्या उथळ तुकड्याची. सकाळी दहा ते दुपारी दोन याच वेळेत शिरा, ऊन डोक्यावर किंवा पाठीशी हवं. पोलराइज्ड चष्मा लावून एकाला पुढे उभा करा. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळू, तपकिरी दिसलं की प्रवाळ, तिकडे जायचंच नाही. ढग आला तर थांबा, रंग कळत नाहीत. जाताना प्लॉटरवर (जीपीएस नकाशावर) ट्रॅक चालू ठेवा, निघताना उपयोगी पडतो.

आता साखळी. वारा फिरला की ती तळावर घासत फिरते आणि प्रवाळाच्या गड्ड्याला वेढा घालते. मग ४० मीटर सोडलेली असली तरी कामाची उरते ८-१० मीटर. लाट आली की झोल नसल्याने थेट हिसका बसतो आणि नांगर उपटतो, नाहीतर साखळी-शॅकल (जोडकडी) असं काहीतरी तुटतं. उपाय: साखळीला बोये (तरंगते गोळे) लावायचे, म्हणजे ती तळापासून उचललेली राहते. खोली ८ मीटर धरा. वाळूचा ठिगळ बघून नांगर टाका, सुमारे २५ मीटर सोडून इंजिन उलटं चालवून तो बसवा. मग १५ मीटरच्या खुणेपर्यंत साखळी परत घ्या, तिथे पहिला बोया अडकवा, २२ वर दुसरा, एकूण ४० वर थांबा. बोये नसतील तर फेंडर (बोटीच्या बाजूला टांगायचे फुगे) चालतात. शेवटी १४ मिमी नायलॉनचा ८-१० मीटर स्नबर (साखळीला बांधायचा ताणदोर), म्हणजे हिसका दोर खाईल, विंडलास (साखळी ओढायचं यंत्र) नाही.

निघण्याआधी साखळीची कडी व्हर्नियरने मोजा, सगळ्यात झिजलेली शोधून. १० मिमीची ९ झाली असेल तर बदला. शॅकलची पिन तारेने बांधा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शॅकल हुबेहूब बनवून मिळेल हो, पण भार-चाचणीचा शिक्का नसेल तर तो नांगराला नको, कपडे वाळवायच्या दोरीला वापरा.

पंचगंगा_घाट: भावा, नाद खुळा! पाण्याचं सांग. आणि कांदा-लसूण मसाला चार किलो आहे, तो चालेल?

खारं_गोडं: पाणी मी सांगतो. रॉड्रिग्ज सुमारे २००० सागरी मैल, दिवसाला १३० धरले तर १५-१६ दिवस. राखीव धरून २० दिवस, माणशी ४ लिटर, चौघांचे ३२०. तुमची टाकी तिथेच संपली, आणि टाकी एकच असणं हाही धोका आहे, एक गळती झाली की सगळं गेलं. २० लिटरचे सहा कॅन वेगळे ठेवा. बेटांवर नदी-ओढा नाही, गोडं पाणी म्हणजे पाऊस आणि वाळूखालचा पातळ थर. तिथल्यावर विसंबू नका, ताडपत्रीने पाऊस धरायची सोय करा.

मसाला: कोकोस ऑस्ट्रेलियाचा प्रदेश आहे. व्हिसा आधीच हवा, येत असल्याचं अधिकाऱ्यांना आधी कळवा, पोचल्यावर पिवळा क्यू झेंडा लावून तपासणी होईपर्यंत बोटीवरच बसा. फळं, भाजी, अंडी, मांस, मध ताब्यात जाऊ शकतात. मसाला, गूळ, कातडी चप्पल, सगळं अर्जात लिहा. लपवलं तर दंड, लिहिलं तर फार तर जप्ती.

साखळीतला_दुवा: आणखी तीन. 'द रिप'मध्ये (डायरेक्शन बेटाजवळच्या प्रवाहाच्या वाटेत) पोहायचं तर दोघांनी, डिंगी (छोटी होडी) जवळ ठेवून, प्रवाह जोरात ओढतो. मासा खोल समुद्रात गळाला लागलेला खा. प्रवाळातल्या मोठ्या माशात सिग्वाटेरा विष असू शकतं, ते शिजवून जात नाही, तिखटानेही नाही. प्रवाळाचं खरचटणं त्याच दिवशी ब्रशने घासून आयोडीन लावा, कण आत राहिले की चिघळतं.

पंचगंगा_घाट: कॅन सहा, बोये चार, व्हर्नियर घरी आहे. कड्या रविवारी मोजतो आणि आकडा इथेच टाकतो.