शब्दचर्चा: हिमावरचा ‘किरणोत्सर्ग’ की ‘प्रारण’?

प्रश्न: अंटार्क्टिकावरच्या एका मजकुरात ‘सौर किरणोत्सर्ग’ आणि ‘औष्णिक किरणोत्सर्ग’ मोजल्याचा उल्लेख आहे. हा शब्द इथे बरोबर आहे का? आणि उणे ५० अंशांच्या हिमाकडून ‘औष्णिक’ काय येणार?

उत्तर: ‘किरणोत्सर्ग’ नको. मराठीत तो शब्द युरेनियम, रेडियमशी इतका जोडला गेला आहे की वाचकाला अणुभट्टीच आठवेल. ऊन आणि उष्णता यांच्यासाठी ‘प्रारण’ हा रुळलेला शास्त्रीय शब्द आहे, तोच वापरावा.

‘औष्णिक’ म्हणजे गरम नव्हे. पदार्थाला जे काही तापमान असते, त्यामुळे तो सोडतो ते औष्णिक प्रारण. उणे ५० अंशांचे हिमसुद्धा दर चौरस मीटरला सुमारे १४० वॅट सोडते, शून्य अंशाचे सुमारे ३१५. ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही, तेव्हा मोजायला हेच उरते.

खरी गफलत होते ती ‘परावर्तित’ आणि ‘उत्सर्जित’ या शब्दांत. ताजे कोरडे हिम उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत पाठवते; ते परावर्तन, आणि त्याचे प्रमाण म्हणजे अल्बेडो. दीर्घतरंग अवरक्त प्रारण (वर सांगितलेले औष्णिक प्रारण याच प्रकारचे, डोळ्यांना न दिसणारे) मात्र तेच हिम जवळजवळ सगळे शोषते आणि स्वतःचे उत्सर्जित करते. म्हणून डोळ्यांना पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या हिमाला भौतिकीत जवळपास ‘कृष्ण पदार्थ’ म्हणतात. मला ही जोडी फार आवडते, भाषांतरात ती गाळू नये.

पुरवणी प्रश्न: मग उपकरणांना काय म्हणायचे? ‘सौरमापक’ चालेल?

उत्तर: ‘सौरमापक’ फार मोघम. सौर प्रारणासाठी पायरॅनोमीटर, औष्णिक प्रारणासाठी पायर्जिओमीटर, हीच नावे ठेवावीत. प्रत्येकी एक आकाशाकडे आणि एक हिमाकडे तोंड करून बसवतात. चार नोंदींतून येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेचा फरक काढला की ‘निव्वळ प्रारण’ मिळते. इथे ‘एकूण’ लिहिले तर अर्थच उलटतो, कारण निव्वळ आकडा ऋण असू शकतो. ध्रुवीय रात्री तो बहुधा ऋणच असतो, आणि त्यामुळे हिमाचा पृष्ठभाग वरच्या हवेपेक्षा थंड होतो.

आणखी एक शब्द जपून वापरा: या उपकरणांच्या वरच्या अर्धगोल झाकणावर, म्हणजे घुमटावर, साचते ते ‘दव’ नव्हे, ‘हिमतुषार’ (गोठलेल्या बाष्पाचा थर). पायर्जिओमीटरच्या घुमटावर तो थर बसला की उपकरण आकाशाऐवजी त्या थराचेच प्रारण मोजते आणि आकाश आहे त्याहून उबदार भासते. म्हणून घुमटावर सतत हवा खेळती ठेवतात, किंचित ऊबही देतात.