बाली: अमेदच्या कोळीवाड्यात ३ रात्री, आई-बाबांना घेऊन

घाटवाट:
ऑगस्टमध्ये उबुदहून अमेदला जाऊन ३ रात्री राहायचा विचार आहे. सोबत आई-बाबा, दोघेही पासष्टीच्या पुढचे. बाबांना होड्या आणि मासेमारी बघायची आहे. आईला पाण्यात उतरायचं नाही, शिवाय ती पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. मला स्नॉर्केलिंग करायचं आहे. बुकिंगच्या साइटवर 'अमेद' टाकलं की दहा-बारा किलोमीटरमध्ये पसरलेली हॉटेलं दिसतात. नेमकं कुठे राहावं? स्कूटर घ्यावी की गाडी? आणि आगुंग ज्वालामुखी इतका जवळ आहे, त्याचं काय?

उलांडी:
अमेद हे एक गाव नाही, हाच घोळ होतो. कुलिकच्या तिठ्यावरून समुद्राकडे वळलं की आधी अमेद, मग जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग अशी वाड्यांची माळ लागते, आणि मधल्या प्रत्येक टेकडीवर रस्ता चढतो-उतरतो. आई-बाबा बरोबर आहेत, तेव्हा जेमेलुकच्या खाडीलगत सपाटीवर राहा. टेकडीवरच्या खोल्यांचे फोटो सुंदर असतात, पण किनाऱ्यावर यायला पायऱ्या उतराव्या लागतात. बुक करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: खोलीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, आणि मध्ये मुख्य रस्ता ओलांडावा लागतो का.

पांढऱ्या वाळूची कल्पना मनातून काढा. ही आगुंगची राख आणि लाव्हा, म्हणून किनारा काळा आणि बराचसा गोट्यांचा. सकाळी दहानंतर तो इतका तापतो की अनवाणी चालवत नाही. रबरी चपला पाण्यात पायातून निसटतात. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा पाण्यातले बूट प्रत्येकासाठी घ्या.

बाबांसाठी: इथली होडी म्हणजे जुकुंग. आपल्या कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल राखणारा आडवा आधार असतो, जुकुंगला दोन्ही बाजूंना, बांबूची. नाळेवर मोठे डोळे आणि सोंडेसारखं तोंड रंगवलेलं असतं, तो गजमीन. तो अंधारातही बघतो अशी श्रद्धा आहे. होड्या पहाटे अंधारात निघतात आणि साधारण साडेसहा ते नऊच्या दरम्यान परततात. रापणीसारखी ओढाओढ बघायला मिळणार नाही, इथे मुख्यतः गळ-दोरीची मासेमारी चालते. माणसं उलांड्यांना खांदे लावून होडी वर घेतात तेव्हा वाटेतून बाजूला व्हा. उलांडीवर टॉवेल वाळत घालू नका, फोटोसाठी तिच्यावर बसू नका. बांबू फक्त दोरीने बांधलेले असतात आणि ते त्यांचं रोजचं अवजार आहे.

बाबांना होडीत बसायचं असेल तर भाडं आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या, होडीत ते असेलच असं नाही. होडी अरुंद असते, एकामागे एक, गुडघे दुमडून बसावं लागतं. गुडघेदुखी असेल तर तासाभरापेक्षा जास्त ठरवू नका. चढताना हात होडीच्या काठाला, बांबूला नाही. दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळे सकाळच बरी.

खारावारा:
स्नॉर्केलिंगबद्दल. पाणी सकाळी सात ते दहा सर्वांत नितळ आणि शांत असतं, आणि नेमकी तीच होड्या परतायची वेळ. जुकुंगच्या इंजिनाचा पंखा लांब दांड्यावर मागे असतो आणि चालवणाऱ्याला पाण्यावरचं डोकं सहज दिसत नाही. जिथे होड्या वर काढतात त्या पट्ट्यासमोर पोहू नका. जेमेलुकला खाडीच्या कडेने जा, नारिंगी किंवा पिवळा फ्लोट बरोबर ओढा. खाडी आडोशाची आहे, पण तिच्या टोकाबाहेर लोंबोक सामुद्रधुनीचा प्रवाह लागतो आणि तो दिसत नाही. टोकाशी आलात की मागे फिरा. जुलै ते सप्टेंबर खालचं गार पाणी वर येतं, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. उन्हासाठीही तोच, म्हणजे सनस्क्रीन प्रवाळावर जात नाही.

बान्युनिंगचं बुडालेलं 'जपानी जहाज' लहान आणि उथळ पाण्यात आहे, किनाऱ्यावरून पोहत जाता येतं. अमेदजवळच्या तुलांबेनचं लिबर्टी मात्र वेगळ्या तोलाचं. हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालं आणि तुलांबेनला किनाऱ्यावर चढवून ठेवलं. १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. आता त्याचा वरचा भाग सुमारे ५ मीटरवर आहे, खालचा ३० मीटरच्या आसपास. म्हणजे डायव्हिंग न करताही दिसतं. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर दक्षिण बालीतून डायव्हर्सच्या गाड्या येतात. तिथले गोटे मोठे आहेत. लाट उभी असेल तर फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंख) हातात धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि तिथे चढवायचे. काठावर फिन घालून उलटं चालणारे हमखास पडतात.

डायव्हिंग केलंत तर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा.

पळीपंचपात्र:
आईंच्या जेवणाचं आधी ठरवा. इथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मांसाचा तुकडा नाही एवढंच धरतात. सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. गादो-गादोच्या शेंगदाण्याच्या सॉसमध्येही बऱ्याचदा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा: तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तेरासी, तान्पा आयाम, तान्पा तेलुर. मासा, कोळंबी, तेरासी, कोंबडी, अंडं, यातलं काही नको. साधा भात, तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तोफू आणि परतलेल्या भाज्या सगळीकडे मिळतात, सॉस वेगळा मागायचा. घरून मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलंत तर आईंचे तीन दिवस आरामात निघतील. नळाचं पाणी प्यायचं नाही.

स्कूटर नको. आई-बाबांना त्या चढांवर मागे बसवणं धोक्याचं आहे, आणि मोटारसायकलचा शेरा असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. उबुदहून चालकासह गाडी करा, दोन ते अडीच तास लागतात. वाटेत तीर्ता गंगाचे कुंड बघता येतात. परतीची गाडीही तेव्हाच ठरवा, ॲपवरची टॅक्सी अमेदहून मिळेल या भरवशावर राहू नका. रोख रक्कम उबुदलाच काढा. व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया, शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बालीची पर्यटक वर्गणी माणशी दीड लाख रुपिया. दोन्ही ऑनलाइन भरता येतात.

उलांडी:
आगुंगचं राहिलं. इशाऱ्याच्या चार पातळ्या आहेत: नोर्माल, वास्पादा, सियागा, आवास. निघायच्या आठवड्यात 'मॅग्मा इंडोनेशिया' या तिथल्या सरकारी ज्वालामुखी साइटवर पातळी बघा. तिसरी किंवा चौथी असेल तर बेत बदला. अमेदला थेट धोका नसला तरी राखेने विमानतळ बंद पडतो, नोव्हेंबर २०१७ मध्ये तसं झालं होतं. परत न मिळणारं बुकिंग करू नका.

घाटवाट:
खूप उपयोग झाला, जेमेलुक नक्की. ऑगस्टची रजा नाकारली गेली तर मार्चअखेर चालेल का? आणि मिठागरं तेव्हा दिसतील?

पळीपंचपात्र:
मीठ नाही दिसणार. नारळाच्या चिरलेल्या, पोखरलेल्या खोडांत खारं पाणी वाळवतात आणि त्याला कोरडं ऊन लागतं. मार्च पावसाचा, ओढ्यांचा गाळ येऊन समुद्रही गढूळ होतो. त्यातून न्येपी बघून तारखा ठरवा. बालीतही शकच चालतो आणि न्येपी म्हणजे त्यांचं नववर्ष, आपल्या पाडव्याच्या सुमारास किंवा कधी महिनाभर आधी येतं. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच होते. त्या दिवशी सकाळी सहापासून २४ तास विमानतळ बंद, रस्ते आणि किनारेही बंद. हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही, दिवेही मंद ठेवतात. विमान त्या दिवसाचं घेऊ नका, आणि आईंचं जेवण हॉटेलला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.