सासरे दोन दिवस फोनवरच्या 'अटकेत' आहेत, पोलीस ठाण्यात यायला तयार नाहीत

देवगडची सून

कोणी जाणकार असेल तर लवकर सांगा, आज दुपारी पुन्हा पैसे भरायला सांगितलेत.

माझे सासरे अण्णा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 74. घरात ते, सासूबाई आणि मी, नवरा पुण्याला. सोमवारी त्यांना फोन आला की तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय, त्यावरून काळ्या पैशाचे व्यवहार झालेत. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. आमच्याकडे रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात मिळते. अण्णा तिथेच दार ओढून बसले, पेजेलाही आत आले नाहीत. सासूबाईंना वाटलं, कशाचा तरी राग आलाय.

मंगळवारी ठेव मोडून त्यांनी 3 लाख 40 हजार आरटीजीएस केले. बँकेत विचारलं तेव्हा म्हणाले, कलमांची फवारणी आणि घराची कौलं. हे उत्तरही त्या माणसानेच पढवलेलं. अण्णा खोटं बोलले, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

काल रात्री चार्जर द्यायला गेले तेव्हा फोनवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश दिसला. राजमुद्रा, शिक्का, सही, सगळं. मी म्हटलं हे खोटं आहे, तर म्हणाले, "तुका कायद्यातला काय कळता? माझ्यार केस आसा." सुनेने सासऱ्यांच्या हातातून फोन कसा काढून घ्यायचा?

कणकवलीतला वकील

ताई, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बाकीचं नंतर वाचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, तेवढ्या वेळात जे सापडतील ते गोठवता येतात. बँकेच्या पावतीवरचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, बँकेलाही लेखी कळवा. चॅट पुसू नका.

'डिजिटल अटक' आपल्या कायद्यातच नाही. अटक करायला पोलीस समोर येतात, कारण सांगतात, घरच्यांना कळवतात आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. म्हणजे "घरी सांगू नका" म्हणणारा पोलीस नव्हेच. चौकशीला बोलावायची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली येते, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलंय. 'पैसे तपासून परत देतो' म्हणून कुठलंही न्यायालय कोणाच्या खात्यात रक्कम भरायला लावत नाही.

अण्णांना एक गोष्ट जरूर सांगा. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला असेच सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून 1 कोटीहून जास्त रकमेला लुटलं. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली, पुढे अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. ज्या न्यायालयाचा शिक्का अण्णा बघतायत, तेच न्यायालय या लोकांच्या मागे आहे.

हर्णैची लेक

वहिनी, "फसलात" हा शब्द त्यांच्यापुढे काढू नका. माझ्या आईला भावाने म्हटलं, "एवढी शिकलेली तू!" तिने दुसऱ्यांदा भरलेले पैसे आमच्यापासून तीन आठवडे लपवले. घरच्यांचं पटत नसेल तर त्यांना ज्याचं पटतं तो माणूस आणा. मास्तरांचा एखादा विद्यार्थी पोलिसात असणारच, आपल्याकडे गावागणिक असतात.

आणि पुढचंही सांगते. महिन्याभरात "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन आईला आला. तेही चोरच. अण्णांना आत्ताच सांगून ठेवा.

देवगडची सून

कालचं कळवते. 1930 वर तक्रार नोंदवली, क्रमांक आला. 1 लाख 10 हजार पुढच्या एका खात्यात थांबवलेत, बाकीचे निघून गेले.

फोन मला काढून घ्यावा लागला नाही. वाडीतले एक निवृत्त हवालदार अण्णांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेले, त्यांना बोलावलं. ते पडवीत आले, कॅमेऱ्याकडे न बघता आधी अण्णांच्या पाया पडले. मग शेजारी बसून म्हणाले, "गुरुजी, तीस वर्षा नोकरी केलंय. कॅमेऱ्यात बघान कोणाक अटक केल्याचा माका तरी आठवना नाय." अण्णांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि स्वतःच कॉल कापला. अंबाल्याची बातमी त्यांनी स्वतः दोनदा वाचली.

ठाण्यात जाताना इस्त्रीचा सदरा घातला, आधार आणि पासबुक फाइलीत लावून घेतलं. जबाब सगळा स्वतःच्या तोंडाने दिला, मला बोलूच दिलं नाही. परत येताना रिक्षात बराच वेळ गप्प होते. जामसंड्याजवळ हळूच म्हणाले, "दोन दिवस मी तेका साहेब म्हणत होतंय."