सकाळी गाडी मिस मारते, कूलंट कमी होयलंय, हेड गॅस्केटच असल का?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, लाखाच्या वर चाललेली. मागल्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात एकदा काटा लाल पट्टीपर्यंत गेला होता, तवा थांबून थंड केली आणि पुढं काही त्रास नव्हता. आता रातभर उभी राहिली की सकाळी सेल मारल्यावर थोडा वेळ फडफडते, चेक लाईट येते, पांढरा धूर मारते आणि मग एकदम नीट चालते. बाटलीतलं कूलंट कमी होयलंय पण खाली एक थेंब पण नाही. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. इथला मिस्त्री म्हणतो सरळ हेड (सिलिंडरवरचं इंजिनचं झाकण) उतरवू. खर्च लई आहे म्हणून आधी विचारतो, खात्री कशी करायची?

लातूर गॅरेज:
दादा, लक्षणं तर सिलिंडरमध्ये कूलंट उतरायल्याचीच आहेत, पण हेड उतरवायच्या आधी कोणत्या सिलिंडरमध्ये जायलंय ते कळलंच पाहिजे, नाहीतर हेड खोलल्यावर पण नुसतं बघत बसावं लागतं. ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) चांगली असं धरू नका, कूलंट नुसतं सिलिंडरात जात असल तर ऑइल पांढरं होतच नाही. इंजिन बंद केल्यावर सिस्टीममध्ये प्रेशर बराच वेळ राहतं, तेच कूलंटला बारीक फटीतून सिलिंडरात ढकलतं, म्हणून त्रास सकाळीच. गाडी चालू असताना उलटं, जळालेला गॅस कूलंटमध्ये शिरतो.

असं करा. संध्याकाळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप काढा, गरम असताना अजिबात हात लावू नका, तोंड भाजतं. रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावा, कॅपवर जेवढं लिहिलंय तेवढंच प्रेशर द्या, बऱ्याच गाड्यांना ते १.१ बारच्या आसपास असतं. तसंच रातभर सोडा. सकाळी काटा खाली आलेला आणि खाली जमीन कोरडी असल तर गळती आतच आहे. मग चारी प्लग काढा. तीन प्लगची टोकं फिकट तपकिरी आणि एकाचं धुतल्यासारखं पांढरं स्वच्छ असल तर तोच सिलिंडर. बारीक कॅमेरा मिळाला तर प्लगच्या भोकातून पिस्टन बघा, तिथं पण कार्बन धुवून चकचकीत झालेला दिसतो.

मग कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, प्लग बाहेर ठेवूनच सेल मारा, कूलंट असल तर भोकातून फवारा उडतो, चेहरा लांब ठेवा. प्लग लावलेले असताना अडकलेल्या इंजिनवर जोर करून सेल मारू नका हो, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच खोलावं लागतं.

नांदेड ट्रॅव्हल्स:
वरचं सगळं बरोबर. फक्त थंडीत सकाळचा पांढरा धूर बघून घाबरू नका, परभणीला पारा दहाच्या खाली जातो तवा चांगल्या गाडीची पण वाफ दिसते. इंजिन गरम झाल्यावर पण धूर राहिला किंवा वास गोडसर आला तर कूलंटचा संशय घ्या, पण नुसत्या धुरावरून ठरवू नका. कुणी डिझेलवाला वाचत असल तर आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा जळालेला गॅस कूलंटनं थंड करणारा भाग) तपासा, तो फुटला तरी अगदी हेच होतं आणि लोक उगाच हेड काढून बसतात.

बीडचा शेतकरी:
भाऊ, तोवर बोअरचं पाणी टाकत फिरू नका. आपल्याकडचं पाणी जड, खार बसून रेडिएटर चोक होतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घ्या. आणि ती गळती बंद करायची बाटली विकतात ती तर टाकूच नका, हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. सांडलेलं कूलंट लगेच धुवून टाका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

परभणीकर:
सगळ्यांचे आभार. टेस्टर एका ओळखीच्याकडून मिळाला. सकाळी काटा बराच खाली होता, खाली सुकं. तीन नंबरचा प्लग एकदम पांढरा, सेल मारल्यावर त्याच भोकातून हिरवं पाणी उडालं. आता हेड उतरवू का? नुसती गॅस्केट बदलली तर चालल?

लातूर गॅरेज:
आता उतरवा. पण नुसती गॅस्केट बदलली तर परत येईल, कारण घाटात तापल्यामुळं हेड वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (बारीक फट मोजायच्या पातळ पत्त्या) तपासायला सांगा, बऱ्याच हेडला ०.०५ मिमीच्या आसपासच मर्यादा असते, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघा. त्यापेक्षा जास्त असल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग (हेडचा खालचा भाग घासून सपाट करणं), आणि त्याच वेळी क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट पण करून घ्या. ब्लॉकचा वरचा भाग पण पट्टीनं बघायला लावा. हेड बोल्ट नवे घ्या, कसायचा क्रम आणि टॉर्क (किती जोरानं पिळायचं ते) मॅन्युअलप्रमाणेच, अंदाजानं नाही. ऑइल बदला. आणि तापली काहून ते शोधल्याशिवाय गाडी जोडू नका, थर्मोस्टॅट, फॅन, वॉटर पंप, कॅप, सगळं बघा.