शौर्यावरची नवी साँग सायकल, ऑपेराचे गळे आणि एक हळू ओळ : मदत हवी आहे

काळी_पाच

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. मी पियानोवर साथ करते. सध्या एका नव्या साँग सायकलच्या (एका विषयाभोवती गुंफलेली गाण्यांची मालिका) तालमी चालू आहेत, सात गाणी, साधारण अर्धा तास, पियानो आणि दोन गळे, एक सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) एक बॅरिटोन (पुरुषांचा मधला आवाज). विषय शौर्य. दोघंही ऑपेरावाले, वर्षातले बहुतेक दिवस ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून गाणारे, आणि दोघंही कामाला पक्के आहेत, वेळेवर येतात, पाठ करून येतात, त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही.

अडलंय ते चौथ्या गाण्यावर. आगीच्या बंबावरचा एक माणूस रात्रपाळी संपवून घरी येतो, उंबऱ्यावर बसतो आणि बूट काढायला लागतो. नाडी पाण्याने फुगलीये, गाठ सुटत नाही, बोटं थरथरतायत. बस्स, एवढंच गाणं. आग नाही, शिडी नाही, वाचवलेलं मूल नाही. आणि शेवटी तो एकच ओळ म्हणतो, मला भीती वाटली होती, अशा अर्थाची. संगीतकाराने त्या ओळीवर दोन पी लिहिलेत, म्हणजे अगदी हळू, पण सूर मात्र वरचा, मधल्या सी च्या वरचा ई फ्लॅट.

बॅरिटोन ती ओळ गातो आणि खोली भरून जाते. आवाज सुरेख आहे, वादच नाही, पण ऐकताना वाटतं की हा माणूस भीतीला हरवून आलाय आणि ते जाहीर करतोय. मला वाटतं आतल्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येणार नाही अशा आवाजात ते यायला हवं.

सोप्रानोचं दुसरंच. तिचं तिसरं गाणं पुराचं आहे, छपरावर अडकलेली बाई अंधारात एकेकाचं नाव घेऊन हाका मारते, आणि नेमकी ती नावं वरच्या ए या सुरावर आहेत. मला समोर कागद असूनही नावं कळत नाहीत, तर ऐकणाऱ्याला काय कळणार.

तर, ऑपेराच्या गायकांना हळू गा हे सांगायचं कसं? त्यांच्या गळ्यालाच ते जमत नाही की मीच चुकीचं मागतेय? आणि शौर्यावरची अशी गाणी आधी कोणी कशी केलीत, काय ऐकू?

---

मंद्रसप्तक

मी स्वतः बॅरिटोन आहे, बरीच वर्षं कोरसमध्ये आणि छोट्या भूमिकांत काढलीत, शिवाय मैफलीत लीडर गातो (कवितेला चाल लावून गळा आणि पियानोसाठी केलेलं गाणं म्हणजे आर्ट साँग, जर्मन आर्ट साँगला लीड म्हणतात, अनेकवचन लीडर, त्याचा पुढारीपणाशी संबंध नाही, नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगितलं). ताई, ऑपेरावाल्यांना हळू जमत नाही हा समज आधी बाजूला ठेवूया.

ऑपेराचा गळा मोठा वाटतो त्याचं कारण नुसता जोर नाही. मोठ्या ऑर्केस्ट्राची सगळ्यात जास्त ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाऊ तशी ती उतरत जाते. तयार गायक, विशेषतः पुरुष, घशाचा आकार असा ठेवतो की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाचा एक उंचवटा तयार होतो, त्याला सिंगर्स फॉर्मंट म्हणतात, योहान सुंडबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने यावर फार बारीक काम केलंय. तिथे ऑर्केस्ट्रा विरळ असतो आणि माणसाचा कान नेमका तिथेच तल्लख असतो, म्हणून माइकशिवाय एक माणूस ऐंशी वाद्यांच्या वरून ऐकू येतो. आता हे हाडात मुरलेलं असतं, छोट्या खोलीत आलो म्हणून बटण दाबून बंद होत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात ३८०० च्या आसपास माणसं बसतात आणि लंडनचा विगमोर हॉल, जो १९०१ साली पियानोच्या कंपनीनेच बांधला आणि आज आर्ट साँगसाठी जगभर नावाजलेला आहे, तिथे साडेपाचशे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं हे ज्याने पंधरा वर्षं केलंय त्याच्या कानाला आपला खरा हळू आवाज रिकामा वाटतो, आवाज पडलाच असं वाटतं, आणि मग भीतीने तो ढकलतो.

आता तुमचा ई फ्लॅट. बॅरिटोनसाठी हा सूर अगदी सांध्यावरचा आहे. खालचा छातीचा आवाज आणि वरचा आवाज यांची गाठ तिथेच पडते. तिथे मोठ्याने गाणं सोपं, मध्यम गाणं जमण्यासारखं, आणि दोन पी म्हणजे दोरीवर चालणं. तो सूर ढकलून गायला की सुरक्षित वाटतो म्हणून तो ढकलतोय, त्याला गाण्याचा अर्थ कळला नाही असं नाही. मेस्सा दी वोचे करून घ्या, म्हणजे एकच सूर अगदी बारीक सुरू करायचा, फुलवायचा आणि परत तेवढाच बारीक करत न्यायचा, रोज पाच मिनिटं, शब्दांशिवाय.

आणि राग मानू नका पण एक विचारतो. त्या ओळीखाली तुम्ही काय वाजवताय? भरीव कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) त्याच पट्टीत आणि सूर घुमत ठेवणारं पेडल दाबलेलं असेल तर तो बिचारा तुमच्यावरून जायलाच बघणार.

---

रविवारचा_श्रोता

मी गात नाही, वाजवत नाही, फक्त ऐकतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरतं लिहितो, थोडं लांबेल.

शौर्याचं गाणं म्हणून सगळ्यात आधी जर्मन संगीतकार शुमानचं दोन ग्रेनेडिअर ऐका, १८४० चं, कविता हाइनेची. रशियात कैद झालेले नेपोलियनचे दोन फ्रेंच सैनिक घरी परतताना त्यांना कळतं की सैन्य हरलं, सम्राट पकडला गेला. एकाची जखम चिघळलीये, तो म्हणतो मला माझ्या तलवारीसकट पुरा, सम्राट माझ्या थडग्यावरून घोडा घालेल तेव्हा मी उठेन. तिथे शुमान ला मार्सेयेझची, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रगीताची चाल आणतो, गळा पूर्ण उघडा, अंगावर काटा येतो. बहुतेकांना गाणं एवढंच आठवतं. पण गाणारा थांबल्यावर पियानोचे चार-दोन संथ कॉर्ड येतात, खाली उतरणारे, विझत जाणारे. आत्ता जो उठून लढणार म्हणत होता तो तिथेच कोसळला. हे शब्दांत कुठेही नाही, फक्त पियानोत आहे. म्हणजे ताई, तुमच्या हातात. वाग्नरनेही त्याच सुमारास हीच कविता फ्रेंच भाषांतरातून केली आणि त्यानेही मार्सेयेझ घातलं, दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

दुसरं बटरवर्थ. जॉर्ज बटरवर्थ, इंग्लिश, हाउसमन या कवीच्या श्रॉपशर लॅड या संग्रहातल्या सहा कविता त्याने १९११ साली केल्या. त्यातल्या शेवटच्या गाण्यात मेलेला तरुण जिवंत मित्राला विचारतो, माझी औताची जोडी चालते का अजून, फुटबॉल होतो का नदीकाठी, माझी मैत्रीण सुखात आहे ना. दोन्ही आवाज एकाच गायकाने काढायचे, मेलेला अगदी पुसट, जिवंत जोरात. जो मोठ्याने बोलतोय त्याच्याकडेच लपवण्यासारखं काहीतरी आहे. बटरवर्थ स्वतः ५ ऑगस्ट १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मारला गेला, ३१ वर्षांचा होता. गाणी महायुद्धाच्या आधीची, पण आता ती वेगळी ऐकूच येत नाहीत.

तिसरं फ्रेंच संगीतकार रॅव्हेलचं डॉन किहोते, तीनच गाणी, त्याची शेवटची पूर्ण रचना. शाल्यापिन या मोठ्या रशियन बासच्या (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) सिनेमासाठी मागवली होती, वेळेत झाली नाहीत म्हणून सिनेमात दुसऱ्याची गाणी गेली. त्यातल्या मधल्या गाण्याचं नाव 'वीरगीत' अशा अर्थाचं आहे आणि ते निघतं काय, तर प्रार्थना. पाच मात्रांची, संथ, गुडघे टेकून केल्यासारखी.

आणि बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराचं वॉर रिक्वीएम (रिक्वीएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना), हे साँग सायकल नाही मान्य आहे, पण ऑपेराच्या गळ्यांनी हळू गाण्याबद्दल विचारताय म्हणून. १९६२ साली कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये पहिल्यांदा झालं. शेवटी दोन मेलेले शत्रू भुयारात भेटतात, विल्फ्रेड ओवेनची कविता. टेनर (पुरुषांचा उंच आवाज) पीटर पिअर्स, ज्याने दुसऱ्या महायुद्धात हत्यार हाती घ्यायला नकार दिला होता, आणि बॅरिटोन फिशर-डिस्काउ, जो खरोखर जर्मन सैन्यात होता, इटलीत पकडला गेला आणि अमेरिकन कैदेत सोबतच्या कैद्यांना लीडर गाऊन दाखवत होता. तू ज्याला मारलंस तो शत्रू मीच, ही ओळ तो जवळजवळ एकटा गातो, खाली फारसं वाद्यच नाही. ऑपेराचा केवढा मोठा गळा, पण तिथे तो कुठे येतो बघा. तुमच्या बॅरिटोनला काही समजावण्याऐवजी हे एकत्र बसून ऐका.

---

शब्दवेल्हाळ

वरचं सगळं पटलं, पण एक गोष्ट मला खटकतेय ती लिहिते. शौर्य म्हणजे हळूच, असा नवा नियम करू नका. पुरातली बाई छपरावरून हाका मारतेय, ती कुजबुजणार आहे का? तिथे सोप्रानोला पूर्ण आवाज द्याच, तिच्याकडे तो आहे म्हणून तर तिला घेतलंय. मोठा आवाज खोटा असतो असं नाही, चुकीच्या जागी आला की खोटा वाटतो.

तिचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तिचा दोष नाही. वरचा ए म्हणजे ८८० हर्ट्झ. इ आणि उ या स्वरांची ओळख ज्या पहिल्या फॉर्मंटमुळे (आवाजातल्या पहिल्या उंचवट्यामुळे) पटते तो ३०० च्या आसपास असतो, सूरच त्याच्या कितीतरी वर गेला की स्वराला उभं राहायला जागा उरत नाही, इ उ ए सगळं आ सारखं ऐकू येतं. जगातली कुठलीही सोप्रानो आणा, तेच होणार. म्हणून जाणकार संगीतकार महत्त्वाचा शब्द आधी मधल्या पट्टीत एकदा ऐकवून ठेवतात आणि मगच वर नेतात, मग वर नाही कळला तरी कान तो भरून घेतो. तुमचा संगीतकार जिवंत आहे, फोनवर आहे, ही केवढी चैन आहे! त्याला सांगा प्रत्येक नाव आधी खाली एकदा येऊ दे, अगदी बोलल्यासारखं.

तसंच ई फ्लॅटचं. ऑपेरात अख्खा ऑर्केस्ट्रा एका पट्टीत बांधलेला म्हणून हलवता येत नाही, पण आर्ट साँग उंच आवाजासाठी, मधल्यासाठी, खालच्यासाठी अशा वेगवेगळ्या पट्टीत छापलीच जातात, शूबर्टची विंटररायझ ही साँग सायकल टेनरही गातो आणि बासही. चौथं गाणं अख्खं अर्धा सूर खाली घेतलं तर कोणाचं काय जातंय.

ऐकायच्या यादीत माझे दोन. लिबी लार्सन या अमेरिकन संगीतकार बाईंची २००० सालची सायकल आहे, आठव्या हेन्रीच्या पहिल्या पाच राण्यांची पत्रं आणि शेवटचे शब्द, सोप्रानो आणि पियानो. त्यात वधस्तंभाकडे जाणाऱ्या दोघी आहेत, काही ठिकाणी आवाज पूर्ण फुटतो, आणि तो फुटायलाच हवा. दुसरं नेड रोरेमचं वॉर सीन्स, १९६९, अमेरिकन कवी व्हिटमनच्या तिथल्या यादवी युद्धातल्या टिपणांवर, कविता नाही, सरळ गद्य. त्यात वीर शोधून सापडत नाही, जखमी माणसं सापडतात. तुमच्या बूट काढणाऱ्या माणसाचे नातेवाईक वाटतील.

---

काळी_पाच

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मंद्रसप्तक, राग कसला, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी घरी येऊन तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं, त्या ओळीखाली माझे डाव्या हातात चार सुरांचे कॉर्ड, पेडल आधीच्या पानापासून दाबलेलं, आणि पियानोचं झाकण पूर्ण उघडं. दोन पी माझ्याही कागदावर लिहिलेले आहेत आणि मी मध्यम वाजवतेय, कारण गाठ सुटत नाही त्या भागात माझे हात जोरात गेलेले असतात आणि ते उतरतच नाहीत. ग्रेनेडिअरचा शेवट तीनदा ऐकला. उद्या तालीम आहे.

---

मंद्रसप्तक

उद्या झाकण अर्ध्यावर घ्या. आणि ओळीच्या आधी पेडल पूर्ण सोडा, अगदी कोरडं होऊ द्या, त्याला स्वतःचा श्वास ऐकू येईल. हळू गा असं म्हणू नका, ते ऐकलं की गायक गळा आवळतो. तू कोणाला सांगतोयस हे विचारा. पट्टीचा विषय पण काढा, त्यात कमीपणा नाही, लाउरित्स मेल्खिओर बॅरिटोन म्हणून सुरू झाला आणि पुढे त्याच्या काळातला सगळ्यात मोठा हेल्डनटेनर झाला, हेल्डन म्हणजे वीरच, गळ्याची जागा सापडायला वेळ लागतो एवढंच.

---

काळी_पाच

तालीम झाली, काय झालं ते सांगायला आले.

नावांचं काम झालं, संगीतकाराने दोन दिवस मागितलेत, प्रत्येक नाव आधी खाली येणार. हाका मोठ्यानेच राहणार, शब्दवेल्हाळ, तुमचं ऐकलं.

चौथं गाणं आधी आहे त्याच पट्टीत करून बघितलं. झाकण अर्ध्यावर. मी त्याला विचारलं की ही ओळ तू कोणाला सांगतोयस, तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला बुटाला. मी म्हटलं मग बुटाकडे बघ. त्याने स्टूल ओढलं, खाली बसला, कोपर गुडघ्यावर, मान खाली, आणि मी पेडल सोडलं. पहिल्यांदा सूर आलाच नाही, नुसती हवा, तो थांबला आणि सॉरी म्हणाला. दुसऱ्यांदा आला, पण मध्येच तुटला. तिसऱ्यांदा सोप्रानो पाणी प्यायला बाटली उघडत होती तिने हात तसाच ठेवला.

शेवटचे दोन कॉर्ड मी वाजवलेच नाहीत, विसरले. संगीतकार मागे बसला होता, त्याने कागदावर ते खोडले.